फॉर्मवर नुसतं 'पार्किन्सनिझम' असतं तेव्हा : नव्या रेडिओलॉजी रेसिडेंटसाठी

पहिल्या वर्षाच्या शेवटी मेंदूच्या एमआरआयवर बऱ्यापैकी हात बसतो. स्ट्रोक, गाठ, टीबी दिसायला लागतात. आणि मग 'पार्किन्सनिझम' (कंपवातासारखी लक्षणं) एवढाच शब्द लिहिलेला फॉर्म येतो, फिल्म बघावी तर सगळं नॉर्मल. त्या एका शब्दाने मला सोलापुरात रेसिडेंट असताना जेवढं छळलं तेवढं कशानेच नाही. अजूनही तो फॉर्म आला की मी खुर्ची पुढे ओढते.

सुरुवातीच्या कंपवातात साधा एमआरआय नॉर्मलच असतो. तो करायचा कंपवातासारखे दिसणारे पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी) आणि एमएसए (मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रोफी) हे आजार, जुने छोटे स्ट्रोक, नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफलस (मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठणं) यांचा माग काढायला. पीएसपीचा पेशंट बहुधा पहिल्या काही वर्षांतच पडायला लागतो, तोही पाठीवर, आणि लेव्होडोपाचा, म्हणजे कंपवाताच्या मुख्य औषधाचा, त्याला फारसा उपयोग होत नाही. घरच्यांना हे लवकर कळलं तर पडणं आणि ठसका, दोन्ही सांभाळता येतात.

आता पीएसपी दाखवणारा तो मधला कट. पीएसपीत मिडब्रेन (मेंदूच्या देठाचा वरचा भाग) झिजतो, त्याच्या खालचा पॉन्स त्या मानाने शाबूत राहतो. सॅजिटलवर (डोकं बाजूने दाखवणाऱ्या कटावर) मिडब्रेनची एरवी फुगीर असणारी वरची कड सपाट होते किंवा आत जाते, तोच हमिंगबर्ड साइन. पुस्तकात तो लांबूनही ओळखू येतो. पण रुटीनमध्ये कट पाच मिमीचे असतात, पेशंटची मान जराशी कललेली असते, आणि आपण ज्याला मधला समजतो तो कट थोडा बाजूला असतो. बाजूला सरकलं की सेरेब्रल पेडंकल (मिडब्रेनचा बाजूचा खांब) आत येतो आणि झिजलेला मिडब्रेन भरलेला दिसतो. रिपोर्ट 'नॉर्मल' जातो, माणूस पडतच राहतो. म्हणून आधी कट तपासा. अ‍ॅक्विडक्ट (मिडब्रेनमधली पाण्याची बारीक नळी) सलग दिसतोय का? तो चौथ्या व्हेंट्रिकलमध्ये (पाण्याच्या पोकळीत) उतरताना दिसतोय का? पिट्युटरीचा देठ त्याच कटावर आहे का? यातलं एक जरी दिसत नसेल तर त्या कटावर मिडब्रेन मोजू नका. एक मिमीचा थ्रीडी टी-वन असेल तर डोकं तिन्ही प्लेनमध्ये सरळ करून कट स्वतः काढा. आणि मिडब्रेनचं क्षेत्रफळ मोजताना टेक्टम (अ‍ॅक्विडक्टच्या मागचा भाग) त्यात धरू नका. दर वेळी बघा, कंटाळा आला तरी बघा.

इटलीतल्या क्वात्रोने यांच्या गटाने २००८ मध्ये एक निर्देशांक मांडला. पॉन्सचं क्षेत्रफळ भागिले मिडब्रेनचं, गुणिले मिडल भागिले सुपिरिअर सेरेबेलर पेडंकलची (लहान मेंदूला जोडणाऱ्या दांड्यांची) रुंदी. पीएसपीत हा आकडा चढतो. पण हायड्रोसेफलसमध्येही मिडब्रेन दबलेला दिसू शकतो, त्यामुळे व्हेंट्रिकल न बघता पीएसपी लिहायचं नाही.

एमएसएचा हॉट क्रॉस बन (पॉन्समध्ये दिसणारी पांढरी फुली) काही आनुवंशिक अ‍ॅटॅक्सियातही (तोल जाण्याच्या आजारांतही) दिसतो. एमएसएचीच दुसरी खूण, पुटामेनच्या (मेंदूच्या आतल्या एका गाभ्याच्या) कडेची पांढरी रेघ, थ्री टेस्लाच्या ताकदवान मशीनवर निरोगी माणसातही असू शकते. मोबाईलवर फिरणाऱ्या 'एका साइनमध्ये निदान' छाप चित्रांवर माझा म्हणूनच राग आहे. ती पाठ करून परीक्षा निघते, पेशंट नाही.

ट्रोडॅट (मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी दाखवणारा स्कॅन) आणि स्वॅलो टेल साइन (निरोगी मिडब्रेनमध्ये एमआरआयवर दिसणारी पाकोळीच्या शेपटीसारखी खूण) यांबद्दल थोडक्यात. कंपवात, पीएसपी, एमएसए तिन्हींत ट्रोडॅट बिघडलेला येतो आणि स्वॅलो टेलही दिसेनासा होतो. त्यामुळे या तिघांतला फरक त्यांवरून ठरत नाही. इसेन्शिअल ट्रेमर (नुसतं हात थरथरणं) किंवा औषधामुळे आलेला पार्किन्सनिझम वेगळा काढायला ते उपयोगी आहेत. पण त्याआधी गोळ्यांची पिशवी उघडून बघा. अ‍ॅसिडिटीसाठी महिनोन्महिने चालू असलेलं लेव्होसल्पिराइड, चक्करेसाठीचं सिनारिझिन. पिशवी न बघता म्हाताऱ्या माणसाला महागड्या तपासणीसाठी पुण्याला पाठवणं मला पटत नाही.

गुरू म्हणाल तर मोठ्या नावांच्या मागे धावण्याआधी तुमच्या एमआरआयच्या टेक्निशियनशी दोस्ती करा. सॅजिटल सरळ लावणं मला त्यांनीच शिकवलं. आठवड्यातून एकदा न्यूरोच्या ओपीडीत बसा, पेशंट खाली बघताना डोळे अडतात का ते स्वतः पाहा. 'पडता का, मागे की पुढे' हे कन्नड आणि तेलुगूतही विचारायला शिका. अक्कलकोटकडची आजी आणि पूर्व भागातले यंत्रमागावरचे आजोबा मराठीत अर्धंच सांगतात.

सुरुवातीला सगळे कट बरोबर असूनही काही सापडणार नाही, घाबरू नका. फक्त मोकळं 'नॉर्मल' लिहून सोडू नका. 'सध्या पीएसपी किंवा एमएसएचे बदल दिसत नाहीत, पण तेवढ्यावरून ते आजार नाहीत असं म्हणता येत नाही,' असं लिहा, मोजलेले आकडे खाली द्या, म्हणजे वर्षाने तोच पेशंट पुन्हा आला तर तुलनेला काहीतरी असेल.