आईच्या दुधातली साखर ई. कोलायकडून कशी करून घ्यावी

नोरोव्हायरस (उलट्या-जुलाब करणारा विषाणू) आतड्याच्या पेशीला चिकटतो तो तिथल्या फ्युकोज (एक छोटी साखर) लागलेल्या साखरेला धरून. आईच्या दुधातली टू-फ्युकोसिललॅक्टोज तशीच, पण सुटी. विषाणूच्या खाचेत तीच जाऊन बसते, पेशीला जागा उरत नाही. आमच्याकडे लॅबमध्ये नवीन आलेल्यांना मी ही साखर करायला लावते.

ई. कोलाय या जिवाणूचा के-१२ कुळातला स्ट्रेन (वाण) घ्या. लॅक्टोज फोडणारं लॅकझेड जनुक उडवा, ते आत आणणारं लॅकवाय ठेवा: लॅक्टोज आत येईल, पण फुटणार नाही. इथे बरेच जण फसतात. लॅकझेड नसला की लॅक्टोजपासून अ‍ॅलोलॅक्टोज बनत नाही, त्यामुळे नुसतं लॅक्टोज घालून लॅक प्रमोटर, म्हणजे जनुकं चालू करणारी कळ, चालू होत नाही. त्याची नक्कल करणारं आयपीटीजी घालावंच लागतं.

फ्युकोज बाहेरून विकत आणू नका, महाग पडतं. ई. कोलाय स्वतःच जीडीपी-फ्युकोज (जोडायला तयार रूपातलं फ्युकोज) बनवतो, पण ते कोलॅनिक अ‍ॅसिडच्या बुळबुळीत आवरणात घालवतो. डब्ल्यूसीएजे जनुक काढलं की ही गळती थांबते; मग आरसीएसए, म्हणजे जीडीपी-फ्युकोजचं उत्पादन वाढवणारं जनुक, वाढवा. नॉकआउट (जनुक काढणं) खरंच झालाय का हे प्लेटवरही कळतं. टूथपिक लावून उचलली आणि पाकासारखी तार सुटली, तर ती कॉलनी टाकून द्या.

लॅक्टोजला फ्युकोज जोडणारं एन्झाइम, फ्यूटसी, हेलिकोबॅक्टर पायलोरीचं. ते नीट विरघळत नाही, म्हणून इंडक्शननंतर (आयपीटीजी घातल्यावर) तापमान ३० अंशांच्या खालीच बरं. खाद्य म्हणून ग्लिसरॉल द्या. ग्लुकोज दिलंत तर लॅक्टोज आत येणंच अडेल. साखर बरीचशी बाहेर माध्यमात येते. टीएलसीवर (पातळ थराच्या प्लेटवर साखरा वेगळ्या करायची चाचणी) ब्युटॅनॉल, अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, पाणी २:१:१ चालवून ऑर्सिनॉल फवारा आणि प्लेट तापवा. लॅक्टोजच्या खालचा ठिपका आपला. पुढे सेंट्रिफ्यूज, मग कोळशाचा कॉलम, इथेनॉलने उतरवणं. ते प्रोटोकॉलमध्ये आहे.

पेशींवर घालण्याआधी एंडोटॉक्सिन (जिवाणूच्या कवचातलं विष) तपासा, नाहीतर दिसेल तो परिणाम साखरेचा की ई. कोलायच्या कवचाचा, सांगता येणार नाही. नोरोव्हायरस वाढवणं कटकटीचं, म्हणून आधी त्याचे रिकामे कण (आत जनुकं नसलेली कवचं) वापरा: प्लेटवर लाळ चढवा (तिच्यातही ती फ्युकोजची साखर असते), कण आणि साखर एकत्र घाला, चिकटणं किती घटतं ते मोजा. मात्रा मिलीमोलरमध्ये लागते, त्यामुळे लगेच औषधाच्या गप्पा नकोत. आणि लॅबमध्ये नॉन-सिक्रेटर (ज्याच्या लाळेत ती साखर नसते असा) कोण आहे ते आधीच शोधून ठेवा. निगेटिव्ह कंट्रोलला त्याचीच लाळ लागते.