मुई नेच्या वाळूच्या टेकड्या बघायच्या तर

व्हिएतनामला गेलेली आपली बरीच मंडळी हो ची मिन्ह सिटीहून मुई ने हे समुद्रकाठचं गाव एका दिवसात उरकतात. कृपा करून असं करू नका. अंतर दोनशेएक किलोमीटरच आहे, पण टेकड्या बघायच्या त्या पहाटे आणि संध्याकाळी. धावत्या सहलीत वाट्याला येते ती भर दुपारची तापलेली वाळू. एक मुक्काम कराच.

नोव्हेंबर ते एप्रिल हवा कोरडी असते. रेल्वेनं जवळच्या फान थिएट शहरापर्यंत जाऊन पुढे टॅक्सी करा, नाहीतर थेट स्लीपर बस. बसमध्ये चढतानाच पादत्राणं काढून पिशवीत घालावी लागतात, तेव्हा लेसच्या बुटांपेक्षा सँडल बरे.

पांढऱ्या टेकड्या गावापासून पंचवीसएक किलोमीटरवर, बाऊ ट्रांग तळ्याकाठी आहेत. हॉटेलवाले जीप ठरवून देतात. अंधारात निघणारीच घ्या. तिथे पोचलात की वाळूत चालणाऱ्या चारचाकी क्वाड बाइकवाले मागे लागतील. मी चालतच जाते, कारण त्या घरघराटात टेकडी अनुभवताच येत नाही. वाऱ्याकडची बाजू दाबून घट्ट झालेली असते, पाय जेमतेम रुततो. आडोशाच्या बाजूला मात्र पोटरीपर्यंत आत जातो. म्हणून चढायचं वाऱ्याच्या बाजूनं आणि उतरायचं आडोशानं. ऊन तिरपं असतं तोवर वाळूवरची एकेक वळी सावलीनिशी उठून दिसते, बोटानं मोजाव्यात इतक्या स्पष्ट. सूर्य वर चढला की सगळं सपाट पांढरं. गुडघे दुखणाऱ्यांना तळ्याच्या काठी बसवा, तिथूनही छान दिसतं. नाकातोंडाला ओढणी, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत, आणि कॅमेऱ्याची लेन्स तिथे अजिबात बदलायची नाही.

लाल टेकड्या रस्त्यालगतच आहेत, त्या संध्याकाळी. मुलांना घसरायला प्लास्टिकचे पत्रे भाड्यानं मिळतात. भाव आधीच ठरवा.

मधल्या वेळात सुओई तिएन ओढ्यातून अनवाणी चाला. पाणी घोट्याएवढं, बाजूला लाल-पांढऱ्या मातीचे कडे. फान थिएटजवळची पो साह इनू ही चाम लोकांची, म्हणजे या भागात पूर्वी राज्य केलेल्या हिंदू परंपरेच्या लोकांची, विटांची जुनी देवळंही चुकवू नका. मुख्य देऊळ शंकराचं. मायदेशापासून इतक्या लांब शाळुंकेसमोर हात आपोआप जोडले जातात.

शाकाहारी मंडळींनी 'मांस नको' एवढंच सांगून भागत नाही. फान थिएट हे मासळी आंबवून केलेल्या नुओक माम या पातळ सॉसचं गाव, आणि ते भाजीतही पडतं. 'आन चाय' म्हणा, म्हणजे बौद्ध पद्धतीचं शाकाहारी जेवण मिळेल. पहाटेच्या जीपसाठी मात्र दशम्या घरूनच न्या.