गॅस ब्लोअर हीटर पेटत नाही? पिल्लं उतरण्याआधी स्पार्क, सेन्सर आणि अर्थिंग तपासा

थंडीत निफाड पट्ट्यात पहाटेचा पारा 5-6 अंशांवर येतो, आणि शेडमध्ये उतरलेल्या कोंबडीच्या एक दिवसाच्या पिल्लाला मात्र 32 ते 34 अंश ऊब लागते. पहिले दोन आठवडे पिल्लाला स्वतःच्या अंगातली ऊब नीट टिकवता येत नाही. मध्यरात्री हीटर बंद पडला, तर पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. थंडीत शेड आदल्या दिवशीच तापवायला घ्यायचं असतं. हीटरची परीक्षाही तेव्हाच घ्या, पिल्लांची गाडी दारात आल्यावर नको.

पार्ट बदलण्याआधी हीटर नेमका कोणत्या टप्प्यावर थांबतो, ते उभं राहून बघा. ऑटोमॅटिक ब्लोअरमध्ये आधी पंखा फिरतो, मग स्पार्क पडतो, गॅस सोडणारा विजेचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह 'टक' करून उघडतो, ज्योत लागते आणि सेन्सरला ज्योत कळली तरच ती चालू राहते. जिथे ही साखळी तुटते तिथेच बिघाड शोधायचा. हीटर उघडताना सिलिंडर बंद करा आणि प्लग काढून ठेवा. स्पार्कच्या वायरमध्ये हजारो व्होल्ट असतात.

पंखाच फिरत नसेल तर प्लग, फ्यूज आणि थर्मोस्टॅट बघा. थर्मोस्टॅट शेडच्या तापमानापेक्षा खाली लावलेला असेल, तर हीटर मुळीच सुरू होणार नाही. मोटर घुमते पण फिरत नाही, अशा वेळी कपॅसिटर गेलेला असतो किंवा पात्यात तूस आणि पिसं अडकलेली असतात. पंखा संथ फिरत असेल तर व्होल्टेज मोजा, तेही हीटर चालू असताना, त्याच्याच सॉकेटवर आणि शक्यतो इलेक्ट्रिशियनकडून. मीटरजवळ 230 दिसतात, पण लांबलचक बारीक वायरच्या टोकाला बरेच कमी मिळतात. हवेचा दाब कमी पडला की एअर स्विच (पंख्याच्या हवेच्या दाबाने जोडला जाणारा स्विच) जोडला जात नाही आणि पुढचं सगळं अडतं.

पंखा चालतो पण स्पार्क नाही, तर इलेक्ट्रोडची चिनी मातीची नळी तडकली आहे का आणि उंदरांनी वायर कुरतडली आहे का, ते तपासा. टोकातलं अंतर बहुतेक हीटरमध्ये 3-4 मिलिमीटर असतं, पण आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतला आकडा खरा धरा. स्पार्क पडतो पण ज्योत नाही, तर दोष बहुधा गॅसच्या बाजूला. थंडीत सिलिंडरमधला गॅस सावकाश बनतो, बाहेरून बर्फ धरतो आणि दाब पडतो. दोन-तीन सिलिंडर एकत्र जोडून घ्या, पण सिलिंडरला शेकोटी किंवा उकळतं पाणी कधीही लावू नका. घरगुती रेग्युलेटरही चालत नाही. हीटरच्या पाटीवर लिहिलेल्या दाबाचाच घ्या.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो ज्योत लागून चार-पाच सेकंदांत विझते तेव्हा. लोक कंट्रोल बॉक्स बदलतात आणि पैसे वाया जातात. बऱ्याच ब्लोअरमध्ये ज्योतीत एक धातूची काडी असते. ज्योतीतून अगदी सूक्ष्म, मायक्रोअँपिअरमधला प्रवाह बर्नरच्या अंगाकडे जातो आणि त्यावरून बॉक्सला ज्योत कळते. काडीवर पोल्ट्रीच्या धुळीचा थर बसला की प्रवाह तुटतो. बारीक पॉलिश पेपरने ती हलक्या हाताने घासा. तरी विझत असेल तर अर्थिंग बघा. कोरडा पडलेला अर्थिंगचा खड्डा किंवा दोन पिनांचा जोड असेल, तर काडी स्वच्छ असूनही ज्योत ओळखली जात नाही. काही हीटरना फेज-न्यूट्रल उलटे झालेलेही चालत नाहीत. लाइनवर चालणारा हीटर जनरेटरवर विझत असेल, तर जनरेटरचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसणं हे नेहमीचं कारण. ते काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

साध्या, बटण दाबून धरायच्या हीटरमध्ये काडीऐवजी थर्मोकपल, म्हणजे ज्योतीच्या उष्णतेवर चालणारा सेन्सर असतो. ज्योत लागल्यावर 15-20 सेकंद बटण धरा. सोडताच विझत असेल, तर त्याचं टोक ज्योतीत नीट आहे का आणि मागचा नट ढिला आहे का, ते बघा.

सेन्सर किंवा ओव्हरहीट कटआउट वायर जोडून बायपास करू नका, एका रात्रीपुरतंही नाही. रिसेट पुन्हा पुन्हा दाबू नका. न जळलेला गॅस हवेपेक्षा जड, तो तुसावर पसरतो. पाच मिनिटं थांबा, पडदे उघडा. वास आला तर कुठलंही बटण चालू-बंद न करता सिलिंडर बंद करा.

एक दोष मात्र विजेचा भासतो आणि असतो हवेचा. 1 किलो गॅस जळताना सुमारे 3 किलो कार्बन डायऑक्साइड आणि दीड लिटरहून जास्त पाणी तयार होतं. पडदे गच्च बंद असले की ज्योत पिवळी, आळशी होते, हीटर वारंवार ट्रिप होतो आणि पिल्लांखालचं तुसाचं अंथरूण ओलं पडतं. पडद्याची वरची फट उघडी ठेवा. पिवळ्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो.

बॅच सुरू असताना एक इलेक्ट्रोड, एक सेन्सर काडी किंवा थर्मोकपल आणि दोन फ्यूज शेडवर ठेवा. मेकॅनिकला फोन करताना 'पेटत नाही' एवढंच सांगू नका. पंखा फिरला का, स्पार्क दिसला का, 'टक' ऐकू आलं का आणि ज्योत किती सेकंद टिकली, हे सांगा, म्हणजे तो योग्य पार्ट घेऊनच निघेल.