पाठीला पाठ लावून बसायचं

आमच्या ह्यांनी 30 वर्षं यंत्रमाग चालवला, त्यात कान गेले. दोघांनी मिळून ध्यान करायचं ठरलं तेव्हा मी ॐ म्हणायची आणि हे विचारायचे, "काय म्हणायलीस?" समोरासमोर बसून डोळ्यांत बघायचा प्रकारही केला. ह्यांना हसू आवरेना. तिसऱ्या दिवशी वैतागून मी पाठ फिरवली, ती ह्यांच्या पाठीला टेकली, आणि मी गुणगुणले ते ह्यांना पाठीतून कळलं. तेव्हापासून आम्ही असंच बसतो.

आधीच सांगते, तंत्रमार्गातली जोडप्याची साधना दीक्षा घेऊन गुरूच्या देखरेखीखाली करायची असते. व्हिडिओ बघून करायचं ते काम नव्हे, आणि मी ती शिकवत नाही. मी सांगते ते नुसतं श्वासाचं आणि गुणगुणण्याचं. विज्ञानभैरव या तंत्रग्रंथात देवी विचारते आणि भैरव, म्हणजे शिव, 112 धारणा, म्हणजे ध्यानाच्या रीती, सांगतो. पहिलीच श्वासाची आहे: आत आलेला श्वास जिथं वळतो आणि बाहेर गेलेला जिथं वळतो, तिथं लक्ष ठेवायचं. उरलेल्या 111 ना आम्ही हात लावलेला नाही.

वेळ पहाटे पाचची, गच्चीवर. एप्रिल-मेमध्ये सोलापूरची गच्ची अर्धी रात्र धग सोडत असते, तेव्हा त्याआधी जाण्यात अर्थ नाही. पोट रिकामं हवं. चादरीची चौपदरी घडी घालून बसायचं. हे उंच, म्हणून माझ्याखाली दोन घड्या. मांडी जमत नसेल तर दोघांनी सारख्या उंचीच्या पाटावर बसा. माकडहाडाच्या वरचा भाग आणि खांद्यांची पाती टेकली पाहिजेत, डोकी नाही. आणि रेलायचं नाही! सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलणारे बघितलेत ना? काठी जरा कलली की सगळा भार अंगावर. कुंभाराच्या मुलीला इथल्या सिद्धेश्वर योग्यांशी लग्न करायचं होतं, त्यांनी आपल्या योगदंडाशी लावायला सांगितलं, तीच ही काठी. ह्यांना मेरुदंड, म्हणजे ताठ कणा, समजवायला मला दुसरं काही सुचलं नाही.

पहिली पाच मिनिटं श्वास जुळवायला जाऊ नका. समोरच्याचा, म्हणजे मागच्याचा, नुसता ओळखा. मग एकानं सोडताना दुसऱ्यानं घ्यायचा, असं आपोआप होऊ लागतं. श्वासाच्या नाड्या तीन, डावी इडा, उजवी पिंगला, मधून सुषुम्ना, हे मी ह्यांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, "मागावर इकडून तिकडं पळणारा धोटाच की हा. उगं जोरात पळवला की दोरा तुटतोय." श्वास ओढायचा नाही, कोंडायचा तर मुळीच नाही.

आता बीजमंत्र, म्हणजे अंगातल्या एकेका चक्राचा एका अक्षराचा मंत्र. माकडहाडापाशी लं, ओटीपोटात वं, बेंबीशी रं, छातीत यं, कंठात हं, भुवयांमध्ये ॐ. एकानं तोंड मिटून हलकेच घुमवायचं, दुसऱ्यानं ते पाठीत कुठं लागतं ते बघायचं. एक फेरी माझी, एक ह्यांची. यं सगळ्यांत छान लागतो. ॐ ह्यांना अजून सापडत नाही, आणि मी तो शोधायला लावत नाही.

कुंडलिनी, म्हणजे कण्याच्या तळाशी निजलेली शक्ती, जागी झाली का, असं शेजारीण विचारते. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात ती कुंकवात न्हालेल्या नागिणीच्या पिल्लासारखी औट वेढे घालून निजलेली आहे. औट म्हणजे साडेतीन. जुन्या लोकांना औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, तोंडपाठ असायची. माझ्या पाठीत ऊब येते खरी, पण ती नागिणीची की ह्यांच्या अंगाची, कसं सांगू?

अंग थरथरलं, डोकं गरगरलं, रडू आलं तर तिथंच थांबा. तळवे फरशीला टेकवा, डोळे उघडा, मग भाकरी आणि शेंगाची चटणी खा. पोटात जड काही गेलं की माणूस जमिनीवर येतो. रक्तदाब, फिट्स, मनाच्या आजाराची औषधं चालू असतील किंवा दिवस गेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

वीस मिनिटं पुरे. उठताना आधी एकमेकांना खूण करा. मी एकदा न सांगता उठले आणि हे मागं आडवे झाले. आता मी कोपरानं दोनदा ढोसते, मग उठते.