मुलांच्या तस्करीचा संशय आल्यास काय करावे

कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवर एखादा माणूस पाच-सहा मुलांना घेऊन उतरला आणि आपण कुठे चाललो हे मुलांना सांगता येईना, तर वाद न घालता रेल्वे पोलिसांना गाठावे किंवा १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. पोलीस ठाण्यात हद्दीचा प्रश्न निघाल्यास झिरो एफआयआरचा, म्हणजे हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात नोंदवता येणाऱ्या गुन्ह्याच्या फिर्यादीचा, आग्रह धरावा.

एफआयआरमध्ये केवळ बालमजुरीचा कायदा लागलेला नाही ना, हे आवर्जून वाचून पाहावे, कारण त्यात १४ वर्षांखालील मुलाला कामाला ठेवणारा पहिल्या खेपेला नुसत्या दंडावरही सुटू शकतो; उलट शोषणासाठी मूल आणले असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ नुसार किमान १० वर्षे ते जन्मठेप, एकाहून अधिक मुले असल्यास किमान १४ वर्षे, आणि पुन्हा दोषी ठरल्यास मरेपर्यंत कारावास आहे. मूल राजीखुशीने आले, हा बचाव तेथे टिकत नाही, आणि ते योग्यच आहे.

लैंगिक शोषण झाले असल्यास पोक्सो, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदाही लागतो. ते ठाऊक असून न कळवणे हाही गुन्हा आहे. सुटका झालेल्या मुलाला २४ तासांत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मुळीच फिरवू नये. ओळख उघड करणाऱ्यालाही शिक्षा आहे.