गादी घेताना मधला भाग बघा (जवळ जवळ झोपणाऱ्या नवरा-बायकोसाठी)

गादीच्या दुकानात गेलं की सेल्समन पहिलं काय सांगतो, तर मॅडम, एकानं कूस बदलली तरी दुसऱ्याला कळणार पण नाही. अहो पण आमच्यात एकाचा हात दुसऱ्याच्या मानेखाली असतोय, कूस बदलली की कळणारच की ओ. त्यामुळं हा मुद्दा ज्यांना दोन टोकाला झोपायचंय त्यांच्यासाठी. आपल्यासारख्यांचा प्रश्न वेगळा आहे, सहा फुटाची गादी घेऊन आपण वापरतो मधली अडीच-तीन फूटच, म्हणजे दोघांचं वजन आणि दोघांची गरमी एकाच जागी.

मी हे अनुभवावरनं सांगतेय. लग्नानंतर बरीच वर्षं सासूबाईंनी दिलेल्या कापसाच्या गादीवर काढली, मग जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला तेव्हा हौसेनं मेमरी फोमची गादी आणली, ती पण डिसेंबरात. डिसेंबरात लई भारी वाटली. मग एप्रिल आला आणि रात्री दोन वाजता हे उठून बसले, म्हणाले अगं ही गादी आहे का भाकरीचा तवा. त्या महिन्यात आम्ही दोघं फरशीवर सतरंजी टाकून झोपलोय, कूलर डोक्याशी, आणि तीस हजाराची गादी पलंगावर एकटी.

नंतर कळलं यात गादीचा दोष नव्हता, निवड आमची चुकली होती. मेमरी फोम उबेनं मऊ पडतो, तो बनवलेलाच तसा असतोय, थंडीत जरा कडक आणि गरम झाला की अंगाच्या आकारात दबतो. मुळात १९६०च्या दशकात नासाच्या कामातून विमानाच्या सीटसाठी हा फोम निघाला. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४३-४४ ला, लाईट गेली की पंखा पण नाही, आणि त्यात दोन माणसं चिकटून, मग गादी मधे खड्ड्यासारखी दबणार आणि ती ऊब पकडून ठेवणार. फोममधे गारव्यासाठी कूल जेल घातलंय म्हणून जे सांगतात ते हात लावला की गार लागतंय खरं, पण अंगाएवढं गरम झालं की मग काय फरक राहत नाही. रात्रभर एसी चालवणार असाल तर घ्या, पण तेव्हा पण जाड लेयर नको, वरचा एक-दोन इंच बास.

मग घ्यायची कोणती? उन्हाळ्याच्या हिशोबानं हवा खेळणारी. काथ्याची गादी हवेला चांगली पण एकटीच असली की कडक, त्यावर एक-दोन इंच लॅटेक्स (म्हणजे रबराचा स्पंजासारखा थर) किंवा चांगला फोम असलेली मिळते ती बघा. लॅटेक्स भोकाभोकांचा असतोय म्हणून फोमपेक्षा कमी तापतो आणि दाबलं की लगेच वर येतो, पण महाग आणि वजनाला जड, चादर घालताना कोपरा उचलताना कळतंय. स्प्रिंगमधे दोन प्रकार. जुन्या पद्धतीच्या बोनेलमधे सगळ्या स्प्रिंगा एकमेकीला तारेनं जोडलेल्या, दोन वजनं जवळ आली की सगळी गादी झोळीसारखी मधे ओढली जाते, एक जण ९० किलो आणि दुसरा ५५ असेल तर हलकं माणूस घसरून जड माणसाच्या अंगावर. पहिले चार दिवस गोड वाटतंय, नंतर कंबर बोलते. पॉकेट स्प्रिंगमधे प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत, ती तेवढीच दबते, आतून हवा पण जाते. आम्ही शेवटी हीच घेतली, ८ इंची.

फोमच घ्यायचा असेल तर डेन्सिटी विचारा. आणि डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे बरं का, दुकानदार पण गल्लत करतात. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, ती जास्त तर फोम जास्त दिवस टिकतो, मऊ असो नाहीतर कडक. दोघांचं वजन मधेच पडणार म्हणून ४० च्या खाली मी तर जाणार नाही. खरं-खोटं करायची सोपी आयडिया सांगते, वजन करा. ७२ बाय ७८ इंचाची ६ इंची गादी पूर्ण ४० डेन्सिटीची असेल तर साधारण २२ किलो भरते, ३२ ची असेल तर पावणेअठरा, कव्हरचं किलो-दोन किलो वेगळं. ४० सांगून गादी १६ किलो भरली तर काय समजायचं ते समजा. फक्त आत रीबॉण्डेड फोम असला तर हा हिशोब चालत नाही, कारण तो तुकडे चिकटवून दाबलेला असतो, जडच भरतो.

आता दुकानात बघायचं कसं. आमच्या ह्यांनी पहिल्यांदा काय केलं तर नवी पेठेत कलिंगड घेतल्यासारखं तळहातानं दाबून बघितलं आणि म्हणाले चांगली आहे. असं करू नका. चप्पल काढा, दोघं आडवे व्हा, गादीच्या मधोमध, आणि घरी ज्या कुशीवर झोपता त्याच कुशीवर. लाज वाटते माहितीये, सोलापुरात कुठल्याही दुकानात गेलात तरी कोणीतरी ओळखीचं निघतंच, आमच्या वेळेला तर आत्याच्या शेजारीणबाई कापड घ्यायला आलेल्या तिथं डोकावल्या. पण पंधरा मिनिटं तरी पडून राहा. ज्याचा हात खाली आहे त्याच्या हाताला मुंग्या येतायत का बघा, येत असतील तर वरचा थर कडक आहे, खांदा आत जायला जागाच नाही. उलट उठताना खड्ड्यातून वर यायला लागल्यासारखं वाटलं तर लई मऊ आहे. आमच्यासारख्यांना मध्यमपेक्षा जरा कडक आणि वर पातळ मऊ थर हे बरं पडतंय. ऑनलाईन घेत असाल तर शंभर रात्रीची ट्रायल देणाऱ्या कंपन्या आहेत, पण ती ट्रायल उन्हाळ्यात घ्या. आमची डिसेंबरची चूक करू नका.

साईजबद्दल एकच, दोन सिंगल गाद्या जोडून घेऊ नका. जिन्यातून न्यायला सोपं म्हणून लोक घेतात आणि मग मधली फट बरोबर तुमच्या पाठीखाली येते. जिना अरुंद असेल तर व्हॅक्यूम करून गुंडाळलेली एकच गादी येते ती मागवा. आणि जाडी ६ इंचाच्या खाली नको. मधे लहान बाळ झोपवायचा विचार असेल तर मात्र थांबा, बाळाला सपाट, कडक आणि वेगळी जागाच लागते, मऊ गादीवर दोघांच्या मधे नको.

गादी आणायच्या आधी पलंग पण बघून घ्या. सुताराकडनं केलेल्या बॉक्स पलंगाला वर प्लायची दोन झाकणं असतात आणि त्यांचा जोड नेमका मधे, त्याखाली आडवी पट्टी नसेल तर प्लायच वाकतो आणि शिव्या गादीला बसतात. जोडावर गुडघा ठेवून दाबून बघा. प्लायला थोडी भोकं पण पाडून घ्या हवेसाठी.

वॉरंटीमधे दहा वर्षं लिहिलेलं असतंय पण खड्डा किती खोल पडला तर बदलून देणार ते बारीक अक्षरात असतं, बऱ्याच ठिकाणी एक इंच किंवा जास्त. मोजायचं कसं, तर गादीवर कोणी नसताना आडवी दोरी ताणून धरा आणि मधे पट्टी उभी लावा. डाग पडलेला दिसला की क्लेम नाकारतात म्हणून प्रोटेक्टर घाला, पण प्लास्टिकसारखा आवाज करणारा नको, वरनं सुती घ्या. आम्ही प्रोटेक्टरवर एक जुनी सोलापुरी चादर अंथरतो आणि मग बेडशीट, घाम ती पिते, आणि नळाला पाणी यायच्या दिवशी धुवून टाकतो.

सगळे सांगतात तीन महिन्यांनी गादी फिरवा, उशाचं पायथ्याला. पण मधे झोपणाऱ्यांचा मधला पट्टा फिरवून पण मधेच राहतोय, हे कोणी सांगत नाही. म्हणून दोन्ही बाजू वापरता येणारी असेल तर उलटी करा, आणि ७२ बाय ७२ ची चौकोनी असेल तर पाव फेरा मारा म्हणजे दबलेला पट्टा आडवा होईल. तसं काही जमत नसेल तर महिनाभर दोघं मिळून खिडकीकडं सरका, पुढचा महिना भिंतीकडं. आणि हो, कापसाच्या गादीसारखी फोम किंवा लॅटेक्सची गादी गच्चीवर उन्हात टाकू नका, कडक उन्हानं फोम पिवळा पडून भुगा होतो, सावलीत वाऱ्याला उभी करा. सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही.