यूलसाठी लवंगी संत्रं आणि धूप

यूलची तयारी डिसेंबरात सुरू केली तर उशीर झालाच म्हणून समजा. विक्का हा निसर्गपूजक पंथ मानणाऱ्यांच्या वर्षात आठ सण असतात, त्यातला यूल सगळ्यांत लांब रात्रीचा, २१ डिसेंबरच्या आसपास येणारा. लवंगा टोचलेलं संत्रं पुरतं वाळायला चार ते सहा आठवडे घेतं, आणि धूप मुरायला निदान तीन. बाटलीतलं सुगंधी तेल शिंपडून तासाभरात वास आणता येतो, पण तो टिकतही तेवढाच. म्हणून संत्री नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आणावीत.

मी इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला राहते. मी स्वतः विक्का मानत नाही, पण शेजारची मैत्रीण मानते, आणि तिच्या कोव्हनकडे, म्हणजे एकत्र पूजाविधी करणाऱ्या तिच्या गटाकडे, दर यूलला माझ्या घरून संत्री आणि धूप जातो. त्या दिवशी इथे सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि चारला मावळतो. उद्यापासून तो पुन्हा थोडा थोडा जास्त थांबणार, याचा हा आनंद. गोल, केशरी संत्रं त्या सूर्याचंच प्रतीक. विक्का जेराल्ड गार्डनर या इंग्रज गृहस्थांनी जगासमोर उघडपणे मांडला तो १९५१ साली ब्रिटनमधला जादूटोण्याचा जुना कायदा रद्द झाल्यावर. लवंगी संत्रं मात्र सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्येही नाताळाला असायचं.

संत्रं पातळ सालीचं, घट्ट, कुठेही मऊ न पडलेलं निवडा. लवंगा भारतीय किराणा दुकानातून घ्या. सुपरमार्केटच्या चिमुकल्या बरणीत पैसे जास्त जातात आणि निम्म्या लवंगांची फुलं तुटलेली निघतात. एका मध्यम संत्र्याला ५० ग्रॅमची पुडी पुरून उरते. रिबीन बांधायची असेल तर आधी संत्र्याभोवती कागदी चिकटपट्टीचे दोन आडवे-उभे वेढे द्या, म्हणजे तेवढी जागा मोकळी राहते.

मग विणायच्या बारीक सुईने साल भोकसायची आणि लवंग खोवायची. नुसत्या बोटाने दाबत गेलात तर अर्ध्या संत्र्यातच अंगठा सोलवटतो आणि लवंगेचं तेल त्यात झोंबतं, अंगुस्तान घाला. दोन लवंगांमध्ये लवंगेच्या फुलाएवढी फट ठेवा. संत्रं वाळताना आक्रसतं, फट नसेल तर साल फाटते आणि तिथून बुरशी शिरते. टोचणं एका बैठकीत, त्याच दिवशी संपवा. अर्धवट टोचलेलं संत्रं रात्रभर ठेवलं तर उघड्या भागाला बुरशी लागायला वेळ लागत नाही.

आता पूड. दोन मोठे चमचे दालचिनी, एक किसलेलं जायफळ, चहाचा चमचाभर लवंगपूड आणि दोन मोठे चमचे आयरिस या फुलझाडाच्या मुळाची पूड. हे मूळ वास धरून ठेवतं. काढल्यावर ते काही वर्षं वाळवत ठेवतात, तेव्हा कुठे त्याला व्हायोलेटच्या फुलांचा वास येतो, म्हणून ते महाग. काहींना त्याने शिंका येतात, पुरळही उठतं. अशा घरी मी वेखंड वापरते. बाळाच्या टाळूला लावायचं तेच वेखंड, वास धरायच्या कामी अगदी खात्रीचं. फक्त खाण्याच्या मसाल्यांपासून लांब ठेवा.

वाडग्यात पूड पसरून त्यात संत्रं रोज एकदा घोळवा. वाडगा उबदार, हवा खेळती असलेल्या जागी ठेवा. इंग्लंडच्या दमट घरात गरम पाण्याच्या टाकीचं कपाट सर्वांत चांगलं. डबा किंवा प्लास्टिकची पिशवी अजिबात नको. संत्रं हातात हलकं लागलं आणि ठोकल्यावर पोकळ वाजलं की झालं. पूड झटका, रिबीन बांधा.

धुपाला मी दोन भाग ऊद, एक भाग पाइनची राळ, एक भाग वाळलेली संत्र्याची साल, अर्धा भाग दालचिनी आणि अर्धा भाग वाळलेली जुनिपरची फळं घेते. ऊद आणि राळ अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवून मगच खलबत्त्यात घाला. गरम राळ बत्त्याला चिकटते, गार राळेचा छान चुरा होतो. राळ पाइनच्या खोडावर सुकून राहिलेली तेवढीच खरवडायची, झाडाला नवी जखम करायची नाही. जुनिपर रानातून तोडू नका, ब्रिटनमध्ये ते कमी होत चाललंय. दुकानात मसाल्यांत मिळतं. यू नावाचं झाड सजावटीलाही घरात आणू नये, ते विषारी आहे. मिसलटो या नाताळात टांगायच्या बांडगुळाची फळंही मुलांच्या आणि कुत्र्यांच्या तोंडात जाणार नाहीत इतक्या उंचावर टांगा.

सगळं मिसळून काचेच्या बरणीत घट्ट झाकून ठेवा. जाळताना जाड वाडग्यात दोन बोटं वाळू घाला, त्यावर धुपासाठी मिळणारी कोळशाची चकती चिमट्याने धरून पेटवून ठेवा, ती राखाडी झाली की चिमूटभर धूप. शेगडीचा कोळसा घरात कधीही वापरू नका आणि खिडकी थोडी उघडी असू द्या, कोळशाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. मांजर किंवा दम्याचं माणूस घरात असेल तर धूप अंगणातच बरा.

मेणबत्तीला वेगळा वास घालायच्या फंदात मी पडत नाही. मधमाशीच्या मेणाचा पत्रा वातीभोवती घट्ट गुंडाळा, त्याचा मधाळ वास पुरेसा असतो.

मेलबर्न-सिडनीकडच्या मराठी मंडळींनी ही तारीख उलटी धरायची. तिकडचा यूल जूनच्या २१ तारखेच्या आसपास येतो, म्हणजे लवंगा टोचायला मेच्या सुरुवातीलाच बसावं लागेल.